तारांकित क्रियापद

पुढच्या पानांत एका क्रियापदाची सगळी रूपे तक्त्यांत मांडली आहेत. वर्तमानकाळ, भूतकाळ, विध्यर्थ, धातुसाधिते. एकवचन, द्विवचन, बहुवचन. शाळेत संस्कृतची रूपावली घोकलेल्या वाचकाला हे तक्ते परके वाटणार नाहीत. अडचण एवढीच की त्यांतले एकही रूप कुणी, कुठे, कधी लिहून ठेवलेले नाही. ज्यांच्या तोंडी ते होते ते लोक इसवीसनापूर्वीच्या शेवटच्या पाच-सहा शतकांत आजचा डेन्मार्क, स्वीडनचा दक्षिण भाग आणि उत्तर जर्मनी या पट्ट्यात राहत होते, आणि त्यांना लिपी नव्हती. त्यांच्या भाषेला प्रोटो-जर्मॅनिक किंवा आदिजर्मानिक म्हणतात. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक या तिच्या लेकी-नाती. गॉथिक ही वंश मागे न ठेवता गेलेली एक लेक, पण जाण्याआधी बरेच काही लिहून गेलेली.

क्रियापद आहे *वेर्थनं. अर्थ 'होणे', 'बनणे'. जर्मनमध्ये ते आज वेर्डेन, डचमध्ये वोर्डेन, आइसलँडिकमध्ये वेर्दा असे ऐकू येते. शब्दाआधीचा तारा ही छापखान्याची चूक नाही. एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट श्लायखर या जर्मन पंडिताने तो रूढ केला. त्याचा अर्थ एवढाच : हे रूप लेखी सापडलेले नाही, लेकी भाषांच्या साक्षीवरून बांधले आहे. आपल्याकडे विधिमंडळात तारांकित प्रश्न असतो. त्याला मंत्र्याने सभागृहात उभे राहून तोंडी उत्तर द्यायचे, आणि वर उपप्रश्नही झेलायचे. भाषाशास्त्रातला तारा त्याच जातीचा. तो लावला की मांडणाऱ्याच्या मागे प्रश्न लागतात. गॉथिकमध्ये असे का, जुन्या इंग्रजीत तसे का, संस्कृतात स्वर वेगळा का? एका जरी भाषेचा हिशेब लागला नाही, तर रूप मागे घ्यावे लागते, नाहीतर ती भाषा कुठे आणि का फिरली ते दाखवावे लागते. या प्रस्तावनेत मला मुख्यतः त्या हिशेबाबद्दल बोलायचे आहे. तक्ते कुणीही पाठ करील; ते तपासावे कसे हे कळले पाहिजे. आणि मराठी वाचकाला ही तपासणी इतरांपेक्षा सोपी जावी, कारण साक्षीदारांपैकी एक त्याच्या चांगला ओळखीचा आहे.

आधी उच्चारांचे उरकून घेऊ. जर्मानिक रूपांतला थ हा आपल्या 'थाळी'तला महाप्राण थ नाही. जिभेचे टोक दातांशी नेऊन नुसता श्वास घासत सोडला की जो ध्वनी येतो, इंग्रज माणूस 'थिंक' म्हणताना जो काढतो, तो इथे अभिप्रेत आहे. द हाही बऱ्याच जागी तसाच घासलेला, फक्त घोष. झ हा 'झेब्रा'तला. आणि *वेर्थनं मधला शेवटचा अनुस्वार म्हणजे नाकातून निघणारा स्वर. कोकणातली जुनी माणसे 'केलें', 'गेलें' म्हणताना जो काढतात, साधारण तसा.

त्या अनुस्वारापासूनच सुरुवात करावी, कारण मराठीशी खरा दुवा तिथे आहे. *वेर्थनं हे मुळात नाम आहे. धातूपासून केलेले क्रियावाचक, नपुंसकलिंगी नाम. त्याचे त्याहून जुने, आदिइंडोयुरोपीय रूप *वेर्तोनोम् असे धरतात. त्याच्या शेजारी संस्कृत 'वर्तनम्' ठेवा. धातू तोच, प्रत्यय त्याच घराण्यातला, लिंगही तेच. जर्मन क्रियापदे कोशात ज्या '-एन'ने संपतात तो '-एन' म्हणजे या '-अनं'चा झिजून उरलेला तुकडा. मराठी क्रियापदे कोशात '-णे'ने संपतात. तेही 'करणम्', 'मरणम्' यांसारख्या नामांना 'क' लागून, प्राकृतातून झिजत आपल्यापर्यंत आले. जुन्या लिखाणात ते 'करणें', 'मरणें' असे अनुस्वारासह दिसते. दोन्हीकडे क्रियावाचक नामाने धातूचे नाव म्हणून जागा पटकावली. एकाने दुसऱ्याकडून काही घेतलेले नाही. वडिलोपार्जित माल एकच होता आणि त्यातून दोघांनी आपापल्या घरी सारखीच वस्तू केली. मोल्सवर्थच्या कोशात 'वर्तणें' हे क्रियापद आहे. बोलण्यातून ते गेले, 'वर्तणूक' मात्र शाळा सोडल्याच्या दाखल्यावर अजून एका ओळीची धनीण आहे. हे अर्थात संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले शब्द. त्याच धातूची, प्राकृताच्या वाटेने चालत आलेली खरी मराठी मुले दोन : 'वर्त्मन्'पासून आलेली वाट आणि 'वर्ति'पासून आलेली समईतली वात.

धातूचा मूळ अर्थ या दोन शब्दांत दिसतो : वळणे, फिरणे. लॅटिनमध्ये 'वेर्तेरे' म्हणजे वळवणे, आणि त्यापासून 'वेर्सुस', म्हणजे नांगराचे तास आणि पुढे कवितेची ओळ. आपल्याकडे छंदाला 'वृत्त' म्हणतात, तेही याच धातूचे. दोघांनी कवितेसाठी हाच धातू निवडला हा योगायोग दिसतो; त्याच्यावर इमले बांधू नयेत.

आता स्वर. तक्त्यात वर्तमानकाळी *वेर्थो 'मी होतो' आहे, भूतकाळी एकवचनी *वर्थ् 'मी झालो' आणि भूतकाळी बहुवचनी *वुर्दुम् 'आम्ही झालो'. ए, अ, उ. काळ आणि वचन बदलले की धातूच्या पोटातला स्वर बदलतो. इंग्रजी शिकताना 'सिंग, सँग, संग' पाठ करणाऱ्या मुलाला हा जाच म्हणजे इंग्रजांचा लहरीपणा वाटतो. प्रत्यक्षात तोच प्रकार तो घरी दिवसभर बोलत असतो. तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे. मरणे–मारणे, तरणे–तारणे, पडणे–पाडणे. काच फुटते, मूल ती फोडते. स्वर बदलला की कर्ता बदलला. पाणिनीने ज्याला गुण आणि वृद्धी म्हटले त्या यंत्राचे हे मराठीत अजून चालू असलेले भाग आहेत. जर्मानिकमध्ये त्याच यंत्राला काळाच्या कामाला जुंपले, मराठीत ते प्रयोजकाच्या कामाला राहिले. यंत्र एकच असल्याचे अनुमान बळकट आहे, कारण संस्कृतात ते दोन्ही कामे करताना दिसते.

इथे एक गोष्ट संस्कृतप्रेमी वाचकाला थोडी बोचेल. बोचावी. स्वरांच्या बाबतीत संस्कृत हा कच्चा साक्षीदार आहे. आदिइंडोयुरोपीय भाषेत ऱ्हस्व ए, ऱ्हस्व ओ आणि अ असे तीन वेगळे स्वर होते. संस्कृताने तिन्हींचा एकच 'अ' करून टाकला. म्हणून 'वर्तते'मधला अ कोणता आणि 'ववर्त'मधला अ कोणता हे संस्कृत ऐकून कळत नाही. ग्रीकमध्ये तिन्ही स्वर जिवंत राहिले. जर्मानिकने ओ आणि अ यांचा एक केला, पण ए वेगळा ठेवला. त्यामुळे *वेर्थो आणि *वर्थ् यांच्यातला भेद तिथे स्पष्ट ऐकू येतो. 1868 साली श्लायखरने मेंढी आणि घोडे यांची एक छोटी नीतिकथा त्या काळच्या समजुतीप्रमाणे आदिइंडोयुरोपीय भाषेत लिहून काढली. आज ती वाचली तर कुणी नवशिक्याने लिहिलेले संस्कृत वाटते, सगळीकडे अ आणि आ. संस्कृत सर्वांत जुने म्हणून सर्वांत शुद्ध, असे त्या काळी युरोपातले विद्वानही धरून चालत होते. पुढे हेर्मान हिर्टने तीच कथा दुरुस्त करून लिहिली तेव्हा तिच्यात ए आणि ओ भरून आले होते.

ही दुरुस्ती कुठून आली? गंमत म्हणजे पुरावा संस्कृतातच होता, फक्त तो स्वरात नसून व्यंजनात होता. 'चकार' हे रूप घ्या. (म्हणजे 'त्याने केले' हे, 'चकार शब्द काढला नाही' मधला चकार निराळा.) धातू 'कृ', त्याचे द्वित्व होऊन आरंभी 'क' यायला हवा होता. 'च' का आला? कारण द्वित्वाच्या अक्षरात मुळात ए होता, *केकोरे यासारखे काही, आणि त्या ए ने आपल्यामागच्या क ला तालव्य करून च बनवले. ते करून झाल्यावर ए स्वतः अ होऊन गेला. दुसऱ्या अक्षरात ओ होता, तो क ला काही करू शकला नाही, म्हणून तिथे क तसाच. 1870 ते 1880 या दशकात हा नियम एकापेक्षा अधिक अभ्यासकांना जवळजवळ एकाच वेळी सुचला. सोस्यूर त्यांतला एक. त्या दिवसापासून संस्कृत ही या भाषांची आई नसून बहीण आहे, याबद्दल शास्त्रात वाद उरला नाही. विल्यम जोन्सनेही 2 फेब्रुवारी 1786 रोजी कोलकात्यातल्या आपल्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिघींचा उगम बहुधा आता अस्तित्वात नसलेल्या एका समान मुळात असावा असेच म्हटले होते. आपल्याकडे मात्र 'संस्कृत ही जगातल्या सर्व भाषांची जननी' हे वाक्य अजून सत्कार समारंभांत बिनदिक्कत फिरते. ही पुस्तिका वाचून निदान तेवढे वाक्य थांबले तर मला आनंद होईल.

बहीण म्हटले म्हणून संस्कृताचे महत्त्व कमी होत नाही. पुढचा भाग त्याचाच आहे, आणि *वेर्थनं हे क्रियापद निवडण्याचे कारणही तेच.

वरच्या तीन रूपांकडे पुन्हा बघा. *वेर्थो, *वर्थ्, पण *वुर्दुम्. स्वर बदलला ते समजले. व्यंजन का बदलले? दोन ठिकाणी थ आणि तिसऱ्या ठिकाणी द. हा घोटाळा काल्पनिक नाही. जुन्या इंग्रजीत 'वेओर्थन' हे मूळ रूप, 'वेआर्थ' भूतकाळी एकवचन, पण बहुवचन 'वुर्दोन' आणि धातुसाधित 'येवोर्देन'. जुन्या सॅक्सनमध्येही हाच खेळ. जुन्या उच्च जर्मनमध्ये त्यांच्या नंतरच्या ध्वनिबदलामुळे एकवचनी 'वर्द' आणि बहुवचनी 'वुर्तुन'. अक्षरे सरकली, पण फरक राहिला.

याकोब ग्रिमने 1822 मध्ये आपल्या जर्मन व्याकरणाच्या दुसऱ्या आवृत्तीत जे सूत्र मांडले, ते असे की मूळचे प, त, क जर्मानिकमध्ये फ, थ, ह झाले. त्याच्या आधी 1818 मध्ये डेन्मार्कच्या रास्मुस रास्कनेही हे बरेचसे पाहिले होते. संस्कृत 'पितृ', 'त्रि', 'शत' (त्यातला श हा मूळच्या क चा) यांच्यासमोर इंग्रजी 'फादर', 'थ्री', 'हंड्रेड' ठेवले की सूत्र पटते. मात्र अपवाद पुष्कळ होते. 'भ्राता'मधला त गॉथिकमध्ये नियमाप्रमाणे थ झाला, 'पिता'मधला त मात्र द झाला. दोन्ही नात्यांचे शब्द, दोन्हींत त दोन स्वरांच्या मध्ये; मग सवतीमत्सर का? पन्नास वर्षे कुणाला कळले नाही. विद्वान अपवादांच्या याद्या करून थांबले.

उत्तर दिले कार्ल वेर्नर या डॅनिश माणसाने. जन्म 1846, गाव ऑरहूस. असे सांगतात की एके दुपारी प्रकृती बरी नव्हती म्हणून तो आडवा झाला आणि झोप यावी म्हणून फ्रान्झ बॉपचे तुलनात्मक व्याकरण हातात घेतले. उघडलेल्या पानावर 'पिता' आणि 'भ्राता' हे शब्द वैदिक स्वरचिन्हांसह छापलेले होते. 'भ्राता'मध्ये उदात्त पहिल्या अक्षरावर, 'पिता'मध्ये दुसऱ्यावर. वेर्नरची झोप उडाली. ज्या अक्षरानंतर लगेच त येतो त्याच अक्षरावर उदात्त असेल तर थ शाबूत. उदात्त दुसरीकडे असेल तर तो थ घोष होऊन द. त्याने एकेक अपवाद काढून ताडून पाहिला आणि ते सगळे रांगेत उभे राहिले. 1875 मध्ये लिहिलेला त्याचा लेख 1877 च्या खंडात प्रसिद्ध झाला. (त्याच 1877 साली मुंबईत रामकृष्ण गोपाळ भांडारकर विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने देत होते, संस्कृतापासून प्राकृत आणि तिथून मराठीपर्यंतच्या ध्वनिबदलांची सुसूत्र मांडणी त्यांत आहे. विषय वेगळा, पण अपवाद म्हणून सोडून न देण्याची शिस्त तीच.)

आता हा नियम आपल्या क्रियापदाला लावा. मुळात हा भूतकाळ म्हणजे संस्कृतातला परोक्ष भूत, लिट् लकार. वेदांत त्या लकाराचे एकवचन धातूवर उदात्त घेते, बहुवचन प्रत्ययावर. 'वेद' म्हणजे 'मला ठाऊक आहे', उदात्त वे वर. 'विद्म' म्हणजे 'आम्हाला ठाऊक आहे', उदात्त द्म वर. 'वृत्'चेही तसेच धरले की एकवचनात उदात्त धातूवर, त च्या अगदी अलीकडे, म्हणून थ टिकला : *वर्थ्. बहुवचनात उदात्त पुढे गेला, थ उघडा पडला आणि घोष झाला : *वुर्दुम्. धातुसाधित *वुर्दनझ् मध्येही उदात्त पुढे, तिथेही द. स्वराचेही कोडे त्याच फटक्यात सुटते. उदात्त गेला की धातूतला स्वर गळतो आणि 'वर्त'चा 'वृत्' होतो. संस्कृतात ऋ उरला, जर्मानिकने त्या ऋ ला टेकू म्हणून आधी उ घातला आणि 'वुर्' केले. महाराष्ट्रात आपण 'वृत्त' हा शब्द 'व्रुत्त' असा म्हणतो, उत्तरेत 'व्रित्त' म्हणतात. म्हणजे ऋ ला उ चा टेकू द्यायचे जर्मानिकांना सुचले तसेच आपल्यालाही, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

यातला सर्वांत विलक्षण भाग पुढे आहे. आदिजर्मानिकने हा फिरता उदात्त नंतर टाकून दिला आणि आघात कायमचा शब्दाच्या पहिल्या अक्षरावर आणून बसवला. ज्या कारणाने थ चा द झाला ते कारणच भाषेतून नाहीसे झाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा तो फरक मात्र तिथेच राहिला. कोणत्याही जर्मानिक भाषेच्या पोथीत या स्वराची खूण नाही. ती खूण वेदपाठकांनी तोंडी सांभाळली होती. आजही पाठशाळांत मुलांना उदात्त-अनुदात्त हाताच्या आणि मानेच्या हालचालींसह शिकवतात. बाल्टिक समुद्राच्या काठच्या एका व्यंजनाचा उलगडा त्या पठणावाचून झाला नसता असे म्हणवत नाही, कारण ग्रीकनेही हा स्वर काही अंशी राखला आहे. पण वेर्नरला तो दिसला वैदिक शब्दांत.

हा फरक जुन्या पोथ्यांतच सापडतो असे नाही. इंग्रजी दुसरीतल्या मुलाला विचारा : 'आय वॉज', 'वी वेअर'. एकवचनात स, बहुवचनात र. हे *वेसनं या दुसऱ्या क्रियापदाचे रूप, संस्कृत 'वस्'चे भावंड, ज्यापासून आपली वस्ती झाली. उदात्त धातूवर असताना स शाबूत राहिला. उदात्त प्रत्ययावर गेला तेव्हा स चा झ झाला आणि त्या झ चा पुढे र झाला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या स्वराघाताची ही निशाणी आपल्या गल्लीतली मुले रोज घोकतात.

*वेर्थनं च्या घरात आणखी एक पुरावा आहे आणि तो माझ्या विशेष आवडीचा. गॉथिकमध्ये याच धातूला 'फ्र' हा उपसर्ग लागून 'फ्रवेर्थन' म्हणजे नासणे आणि 'फ्रवर्दयन' म्हणजे नासवणे. पहिल्यात थ, दुसऱ्यात द; पहिल्यात ए, दुसऱ्यात अ. संस्कृतातले प्रयोजक रूप 'वर्तयति' काढून पाहा. उदात्त त वर आहे, म्हणजे मूळच्या त च्या पुढे. नियमाने द यायला हवा, तो आला. आणि हाच '-अय' प्रत्यय 'मारयति', 'तारयति'मधून आपल्या 'मारणे', 'तारणे'पर्यंत पोचला आहे. म्हणजे मरणे–मारणे ही जोडी आणि फ्रवेर्थन–फ्रवर्दयन ही जोडी एकाच साच्यातून निघाल्या. गॉथिकने क्रियापदाच्या मुख्य रूपावलीत हा थ-द भेद पुसून सगळीकडे थ केला होता. या कोपऱ्यातल्या शब्दात तो पुसायचा राहिला.

गॉथिकचा एवढा आधार घेतो म्हणून तिच्याबद्दल दोन वाक्ये. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने बायबलचे गॉथिक भाषांतर केले. त्याची सर्वांत प्रसिद्ध प्रत, जांभळ्या चर्मपत्रावर चांदी-सोन्याच्या शाईने लिहिलेली, सहाव्या शतकातली, स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात आहे. जर्मानिक शाखेतला हा सर्वांत जुना मोठा ग्रंथ. द्विवचनाची क्रियापदरूपे आपल्याला तिच्यामुळेच कळली. 'आम्ही दोघे', 'तुम्ही दोघे' एवढीच, 'ते दोघे' नाही. तक्त्यातला द्विवचनाचा स्तंभ म्हणून अर्धवट दिसेल.

वर्तमानकाळाच्या प्रत्ययांबद्दल फार लिहीत नाही. ते वाचकाला स्वतःच ओळखू येतील. *वेर्थो, *विर्थिझि, *विर्थिदि, *वेर्थमझ्, *विर्थिद्, *वेर्थन्दि यांच्याखाली भरामि, भरसि, भरति, भरामः, भरथ, भरन्ति लिहा आणि बोट फिरवा. दुसऱ्या-तिसऱ्या पुरुषात ए चा इ का झाला एवढे सांगतो : पुढच्या अक्षरातल्या इ ने त्याला आपल्याकडे ओढले. जर्मनमध्ये आजही 'वेर्डेन' पण 'दू विर्स्ट', 'एर विर्ड'. भूतकाळात ज्या द्वित्वाची संस्कृतला सवय आहे ('ववर्त'मधले पहिले व) ते इथे गळाले आहे. गॉथिकच्या काही दुसऱ्या क्रियापदांत ते दिसते, जसे 'हाइतन'चे 'हेहाइत'. आणि भूतकाळी विध्यर्थात प्रत्ययाचा दीर्घ ई होता, *वुर्दी-. त्या ई ने जर्मनमध्ये मागचा उ वाकवून 'वुर्ड'चे 'व्युर्ड' केले. जर्मन माणूस नम्रपणे 'आपण कराल का' म्हणताना जे क्रियापद वापरतो ते हे, आपल्या विधिलिङ्‌चे लांबचे नातेवाईक.

कुणी विचारील, हे सगळे जुळवाजुळवीचे कौशल्य कशावरून नसेल? बाहेरचा पुरावा दोन ठिकाणांहून येतो. डेन्मार्कमधल्या गालेहूस इथे 1734 साली सापडलेल्या सोन्याच्या शिंगावर सुमारे इसवीसन 400 मधला रूनिक लिपीतला मजकूर होता. शिंग 1802 मध्ये चोराने वितळवले, पण मजकुराची नक्कल राहिली. त्यात कारागिराच्या नावात 'गस्तिझ' ('पाहुणा') असे रूप आहे, शेवटच्या इझ सकट. नंतरच्या लेकी भाषांत हा शेवट असा पूर्ण कुठेच नाही, आणि तारा लावून बांधलेले रूप नेमके हेच. दुसरा पुरावा फिनिश भाषेतला. ती या कुळातली नाही, पण शेजारी राहून तिने फार पूर्वी शब्द उसने घेतले आणि गोठवून ठेवले. राजाला फिनिशमध्ये 'कुनिंगस' म्हणतात; बांधलेले रूप *कुनिंगझ्. व्हिल्हेल्म थॉमसेनने 1869 मध्ये या उसनवारीवर लिहिले. मला विचाराल तर फिनिशची साक्ष अधिक मोलाची, कारण तिला या भांडणात कुणाचीच बाजू घ्यायची नव्हती.

आता या क्रियापदाचे पुढे काय झाले ते. 'वळणे'चे 'होणे' झाले यात आपल्याला नवल वाटू नये. 'वर्तते'चाही अर्थ संस्कृतात 'आहे, चालू आहे' इथपर्यंत आला आणि 'वर्तमान' म्हणजे जे आत्ता आहे ते. जर्मनमध्ये वेर्डेनने फार मजल मारली. ते 'होणे' आहे, भविष्यकाळाचे साहाय्यक आहे आणि कर्मणी प्रयोगाचेही. संस्कृतात हा धातू आत्मनेपदी, आणि आत्मनेपदाचे ते, से हे प्रत्यय जर्मानिकमध्ये गॉथिक सोडल्यास लयाला गेले. त्यांची रिकामी झालेली कर्मणीची जागा पुढे याच धातूने भरून काढली, हा योग मला मजेशीर वाटतो. त्यात कार्यकारण शोधू नये.

स्कँडिनेव्हियात आइसलँडने हे क्रियापद राखले. डेन्मार्क-स्वीडनमध्ये मध्ययुगात उत्तर जर्मन व्यापाऱ्यांबरोबर आलेल्या 'राहणे' अर्थाच्या क्रियापदाने, आजच्या 'ब्लीव्ह' आणि 'ब्ली'ने, त्याला बाजूला सारले. इंग्रजीत तर ते पार बुडाले. जुन्या इंग्रजीत दर पानावर भेटणारा हा शब्द चौदाव्या-पंधराव्या शतकानंतर विरत गेला आणि त्याच्या जागी 'बिकम' आला. एखाद्या जुन्या शापवचनात तो 'वर्थ' या वेशात अडकून राहिला. 1611 च्या बायबलात यहेज्केलच्या पुस्तकात तो सापडतो. मुलगी मात्र वाचली. द असलेल्या, स्वर गळालेल्या रूपापासून 'जे घडून येते ते', म्हणजे दैव, या अर्थाचे नाम झाले होते : *वुर्दिझ्. उत्तरेच्या पुराणकथांत विश्ववृक्षाच्या मुळाशी बसलेल्या दैवदेवतांपैकी एकीचे नाव उर्द, ते हेच. इंग्रजीत ते 'वीर्ड'. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधल्या चेटकिणींना 'वीर्ड सिस्टर्स' म्हटले आहे, ते दैव जाणणाऱ्या बहिणी या अर्थाने. प्रेक्षकांना त्या दिसायला विचित्र वाटल्या आणि शब्दाचा अर्थही पुढे 'विचित्र' होऊन बसला. कॉलेजातली मुले मराठी बोलताना 'किती विअर्ड आहे हा' म्हणतात, तेव्हा थ चा द झालेले तेच रूप त्यांच्या तोंडी असते.

तक्ते वाचताना दोन गोष्टींचे भान असू द्यावे. भूतकाळी तृतीय पुरुषी बहुवचनाचा *वुर्दुन् पाहून संस्कृत 'विदुः' आठवेल. मोह आवरा, शेवटचा उ सारखा दिसला तरी त्या दोन प्रत्ययांचे मूळ वेगळे धरतात. आणि भूतकाळी द्वितीय पुरुषी एकवचनात मी *वर्स्त् दिले आहे, ज्याचा शेवटचा त 'वेत्थ'मधल्या थ चा नातेवाईक. गॉथिक आणि नॉर्स यांची साक्ष तशी आहे. जुनी इंग्रजी आणि जुनी जर्मन मात्र 'वुर्दे', 'वुर्ती' अशी अगदी निराळी रूपे देतात, बहुवचनाच्या अंगाची, द सकट. ती कुठून आली, एखाद्या विसरलेल्या लुङ्-रूपातून की विध्यर्थातून, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. एका घरात दोन रूपे तक्त्याला मावत नाहीत, म्हणून मी गॉथिकच्या बाजूने कौल दिला आणि दुसरे रूप खाली टिपेत ठेवले आहे. ज्याला पश्चिमेकडच्या भाषांची बाजू पटेल त्याने पेन्सिलने अदलाबदल करावी.